पोळ्याआधीच्या दोन गाठी

माणिकबाईचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तसा तिचा कोणावरच नव्हता, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही. मी गजाला, मूळची अकोल्याची. दोन हजार चार साली नर्स म्हणून वलगावच्या सरकारी दवाखान्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात घरोघरी नावं लिहायला निघाले. माणिकबाई फाटकात खुरपं घेऊन उभी होती. नाव कशाला पाहिजे, कोणी मागितलं, लिहिल्यावर तो कागद कुठं जातो, असं तिने मला उन्हात अर्धा तास विचारलं आणि शेवटी नाव सांगितलं ते नवऱ्याचं.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. ती वर्षंच तशी होती. गावात जो येई तो कागद घेऊन येई. बियाण्याच्या कंपनीचा माणूस रंगीत कागद दाखवी आणि त्याचं बी उगवत नसे. पाहणीवाले येत, चुलीपासून बायकांच्या दुखण्यापर्यंत सगळं लिहून नेत आणि पुन्हा तोंड दाखवत नसत. कोणाच्या घरी वाईट घडलं की फोटो काढणारे हजर. लोक सख्ख्या शेजाऱ्याशीही जपून बोलायला लागले होते. माणिकबाई मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अशी होती. गाव मागाहून तिच्यासारखं झालं, असं मी गमतीने म्हणायची.

पेढी नदीच्या काठाला तिचा अडीच एकराचा मळा. वांगी, टमाटर, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला झेंडूच्या दोन ओळी. बियाण्याचं पाकीट आणलं की त्यातले मोजून दहा दाणे ती ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून रांजणाखाली ठेवी. दहातले आठ उगवले तरच बाकीचं बी वाफ्यात जाई. सात उगवले तर पाकीट घेऊन ती अमरावतीला दुकानात जाऊन उभी राही आणि दुकानदार बदलून देईपर्यंत हलत नसे. बाजारात भाजी तोलायला तिची स्वतःची तागडी होती, आणि दुसऱ्याच्या काट्यावर तोललेला माल ती घरी येऊन पुन्हा तोलत असे.

लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याजागी तिच्याकडे सुतळ्या होत्या. बी पेरलं की त्या वाफ्याच्या नावाने सुतळीचा एक तुकडा बियाण्याच्या डब्यात जाई आणि दर बुधवारी, म्हणजे आठवड्याला एक, अशी त्याला गाठ पडत जाई. पाकिटावर किती दिवस छापलेत ते ती विचारतही नसे. कोणत्या वाफ्याला किती हप्ते झाले, तोडा कधी, पाणी कधी तोडायचं, सगळं त्या गाठींवर. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत तिची गाठ चुकलेली कोणी पाहिली नाही, आणि तिला स्वतःला याचा गर्व होता.

नवरा केशवराव मळ्यातल्या झोपडीत राही. घरी जेवायला येई, ताट झालं की उठून परत. मुलगा चंदन बोअरच्या गाडीवर कामाला. तेव्हा सगळ्यांच्याच विहिरी आटत होत्या आणि जो तो जमिनीला भोकं पाडत होता, त्यामुळे गाडी कधी बैतूलला, कधी खंडव्याला, चार-चार महिने घरी फिरकत नसे. घरचा मळा सोडून पोरगा परमुलखात दगड का फोडतो, असं मी एकदा विचारलं. माणिकबाईने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुढे विचारायची हिंमत झाली नाही. बाप-लेक एका ताटाला बसत नाहीत हे मात्र दिसत होतं. मी म्हटलं, असतात काही घरं.

चंदनची बायको साधना अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांची लेक. हसरी, कामाला चपळ. दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात सासू तिला घेऊन दवाखान्यात आली. दिवस गेले होते. आत आली ती एकटी साधनाच, कारण माणिकबाई ओट्यावर आपल्या वांग्यांच्या टोपल्याची राखण करत बसली होती. शेवटची पाळी कधी आली, मी विचारलं. साधना खाली मान घालून म्हणाली, राखीच्या दिवशी. तारीख तिच्या पक्की लक्षात होती, कारण राखीला ती माहेरी गेली होती आणि ऐन सणाला तिला बाजूला बसावं लागलं होतं. मी कार्डावर नऊ ऑगस्ट लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी अमरावतीहून तिच्या सोनोग्राफीचा कागद आला. मी तो माणिकबाईसमोर मोठ्याने वाचला. सोळा आठवडे, बाळाची वाढ चांगली, म्हणजे मावशी, चार महिने भरत आले. किती, तिने विचारलं. सोळा, मी सांगितलं. तिने आणखी एकदा विचारलं. तिची बोटं पदराखाली हलत होती. म्हातारी नातवाचे दिवस मोजते आहे असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. तिच्या डब्यातल्या सुतळीला त्या दिवशी चौदाच गाठी होत्या, हे मला कुठून ठाऊक असणार.

पुढच्या बुधवारपासून ती येऊ लागली. लसी टोचून झाल्या, गर्दी ओसरली की येऊन बाकावर बसे आणि भिंतीकडे बोट करून म्हणे, ते चित्र दाखवा. पोटातल्या बाळाची वाढ दाखवणारे मोठे तक्ते आमच्याकडे होते, एकावर एक पानं उलटायचे. मी ते बायकांपुढे घसा कोरडा करून सांगायची आणि बायका जांभया द्यायच्या. इथे साठीला टेकलेली एक निरक्षर बाई आपण होऊन विचारत होती. मी हुरळून गेले. मला शिकवायची हौस फार, आणि त्या हौसेपायी मी काय करून ठेवते आहे ते मला दिसलं नाही.

पहिलं पान मी नेहमीच उलटून टाकायची. ते पाळीचं पान. दवाखान्यात पुरुषमाणसं बसलेली असत, त्यांच्यासमोर ते चित्र उघडं ठेवायची मला लाज वाटे. मी सरळ दुसऱ्या पानापासून सुरुवात करायची. बाईचं बीज महिन्यातून एकदाच सुटतं आणि जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषाचं चार-पाच दिवस तग धरतं. दोन्ही नळीत भेटतात, एकाचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि असं वाढत वाढत ते नळीतून खाली पिशवीत येतं. पिशवीत आल्यावर लगेच रुजत नाही. दोन्ही भेटल्यापासून आठवड्याभराने अस्तरात मूळ धरतं, वाफ्यात रोप धरतं तसं. बीज एकच दिवस जगतं, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. ते महिन्यात कधी सुटतं हे सांगायचं राहिलं, कारण ते पहिल्या पानावर होतं.

सहाव्या आठवड्याच्या पानावर मसुरीच्या दाण्याएवढा जीव होता. एवढ्याशा दाण्यात काळीज धडधडायला लागतं, मी म्हटलं. कोणी पाहिलं, तिने विचारलं. मशीनमध्ये दिसतं, मी म्हटलं. मशीन कोणाचं, तिने विचारलं. मी हसले. दहाव्या आठवड्यात बोटं सुटी होतात, तोवर ती बदकाच्या पायासारखी जोडलेली असतात. बाराव्यात बाळ मोठ्या लिंबाएवढं होतं आणि सगळे अवयव जागच्या जागी बसलेले असतात, पुढे फक्त वाढायचं काम. हे ऐकताना ती चित्रातल्या बाळाकडे बघतच नसे. पानाच्या कोपऱ्यात छापलेल्या आकड्यावर बोट ठेवी आणि विचारी, हा कितवा हप्ता. मी सांगे. ती उठून जाई.

डिसेंबरात साधनाला पोटात हालचाल कळली. माणिकबाई त्या बुधवारी आली ती उभ्या उभ्याच. हालचाल कितव्या महिन्यात कळते? मी म्हटलं, पाचव्यात, पहिलटकरणीला साधारण अठरा ते वीस आठवड्यांत. सतराव्यात नाही? मी म्हटलं, पहिल्या खेपेला सहसा नाही. खरं सांगायचं तर सतराव्यातही कळू शकते. पण मला मास्तरकीची झिंग चढली होती, पुस्तकात होतं ते मी फाडकन सांगून टाकलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर साधना एकटीच दवाखान्यात आली. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. येत्या रविवारी तिच्या माहेरचे लोक येणार होते. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि पहिलं बाळंतपण म्हणून तिला अंजनगावला घेऊन जायचं, असं ठरलेलं होतं. माणिकबाईने आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं की न्यायचं तर खुशाल न्या, ओटी मात्र या घरात भरली जाणार नाही. आमच्याकडे सातव्या महिन्यात रिकाम्या ओटीने सून माहेरी गेली, तर पुढे कोणाला काही बोलावं लागत नाही. सगळं गाव समजतं. तिला आणायला पुन्हा कोणी जात नाही.

"आत्याबाईनं माह्या नावानं सुतळी बांधली," साधना सासूबद्दल म्हणाली. "पोयाच्या दिवसापासून. हे आले तवापासून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चंदन चार महिन्यांनी घरी आला होता तो पोळ्याच्या दिवशी, तेवीस ऑगस्टला. माणिकबाईने तिथून गाठी मारायला घेतल्या. मी वाचलेल्या कागदात तिच्या सुतळीपेक्षा दोन हप्ते जास्त निघाले. तिने ते मागे मोजले आणि ते बरोबर राखीवर जाऊन पडले. राखीला सून माहेरी होती आणि मुलगा खंडव्याकडे होता. त्यानंतर अडीच महिने ती माझ्यासमोर बसून माझ्याच तोंडून पुरावा गोळा करत होती.

चंदनला सांगितलं का, मी विचारलं. साधनाने फोन केला होता. पलीकडे बोअरच्या गाडीचा आवाज होता. सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला होता की आईची गाठ चुकत नाही.

मी साधनाला धीर दिला, चहा पाजला, घरी पाठवलं. मग जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते. मी कपाटातून तिचं कार्ड काढलं आणि नऊ ऑगस्ट ही तारीख पुन्हा पाहिली. ती तर साधनानेच सांगितलेली. पोरीने मुद्दाम सोयीची तारीख सांगितली असली तर? एक-दोन मिनिटं मी तो कागद हातात धरून उभी होते. सोनोग्राफीचं माप, पोटाची उंची, हालचाल, सगळं त्या तारखेशी जुळत होतं, आणि राखीला पाळी आलेल्या बाईला पोळ्याच्या सुमारासच दिवस जातात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. तरीही माझ्या मनात आलं. संशय असा फिरतो. मला माझीच किळस आली आणि त्याच रागात मी मळ्याकडे निघाले.

माणिकबाई वांग्याच्या सरीत होती. मी काही बोलायच्या आतच तिने ओळखलं. घरात जाऊन ती सुतळी घेऊन आली आणि बांधावर पसरली. पंचवीस गाठी, एकसारख्या अंतराच्या.

"पोया हा इथं," तिने पहिल्या गाठीच्या अलीकडे, रिकाम्या टोकावर बोट ठेवलं. "तुमच्या कागदात दोन जास्तीच्या हायेत. ह्या दोन गाठी कोनाच्या, सिस्टर?"

मी तिला समजावलं. बीज कोणत्या दिवशी धरलं हे कोणालाच दिसत नाही, बाईला नाही आणि डॉक्टरलाही नाही. दिसते ती पाळी. म्हणून डॉक्टर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. बीज सुटतं त्यानंतर साधारण दोन हप्त्यांनी. ते दोन हप्ते आमच्या मोजणीत धरलेले असतात, प्रत्येक बाईचे, तुमच्या सुनेचेच नाही.

"म्हंजे पोटात काईच नाई, तरी तुमी मोजता?"

"हो."

"मंग तुमचं कार्डच खोटं हाय."

मी कपाळावर हात मारला. साधना राखीला बाजूला बसली होती, हवं तर तिच्या आईला विचारा, मी म्हटलं. माहेरची माणसं लेकीच्या बाजूनेच बोलणार, ती म्हणाली. तुम्ही पहिलं पान का दाखवलं नाही मग, असंही म्हणाली. पुरुषांसमोर लाज वाटते म्हणून, मी कबूल केलं. तेव्हा ती नुसतं हसली. लपवलेल्या पानावर कोण विश्वास ठेवणार. आणि तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, मावशी, तुमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही, नवरा झोपडीत राहतो, पोरगा परमुलखात राहतो, ते तुमच्या या संशयापायीच. आता सून घालवा आणि बसा एकट्या गाठी मारत. झोपडीपाशी केशवराव दोर वळत होता. त्याचे हात थांबले. माणिकबाईचा चेहरा राखेसारखा झाला. मी तशीच वळले आणि निघून आले, आणि रस्ताभर मला माझ्या जिभेचा राग येत होता.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढायला गेले तर ती पायरीवर बसलेली. आत आली, दार लावून घ्या म्हणाली. मग बाकावर बसून म्हणाली, पैलं पान दाखवा.

मी दाखवलं. पाळी, मग पिशवीत नवं अस्तर तयार होणं, मग चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटणं. तिने प्रत्येक चित्रावर बोट फिरवलं. शेवटी म्हणाली, म्हणजे तुम्ही वाफा भिजवला तेव्हापासून मोजता, मी बी टाकलं तेव्हापासून. मी म्हटलं, हो मावशी, एवढंच आहे. मला आठवलं की मी तिला हे असं सांगू शकले असते, अडीच महिन्यांपूर्वीच. पण माणिकबाई एवढ्याने ऐकणारी नव्हती. छापलेलं तर पाकिटावरही असतं, ती म्हणाली. शेवटपर्यंत दाखवा.

मी पानं उलटत गेले. पाचव्या-सहाव्या महिन्यात अंगभर बारीक लव येते. कान ऐकायला लागतात, सातव्यात डोळे उघडतात. बहुतेक बाळं मग डोकं खाली करतात. फुप्फुसं सर्वांत शेवटी तयार होतात, म्हणून फार आधी जन्मलेल्या कच्च्या बाळाला धाप लागते, त्याच्या अंगावर लव असते, कातडी लाल आणि पातळ असते. भरल्या दिवसाच्या बाळाची लव बरीचशी गळून जाते, अंगावर मांस धरतं, आणि नखं बोटांच्या टोकापर्यंत येतात, कधी बाहेरही.

तिने माझं मनगट धरलं.

"नखं कवा भायेर येतात?"

"नववा भरताना. कच्च्या लेकराची नखं टोकाला पोचत नाईत, मावशी."

तिने हात सोडला नाही. मग जे बोलली ते इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. सव्वीस वर्षांपूर्वी केशवराव अकोल्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. संक्रांतीला घरी आला. सासूने संक्रांतीपासून नऊ महिने नऊ दिवस मोजले आणि दसऱ्यानंतरची तिथी काढली. चंदन झाला तो पंधरा दिवस आधी, घट बसायच्याही आधी, ऐन पितृपक्षात. सासूने तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त केशवरावला सांगितलं, मोजून पाहा. त्याने मोजलं. तीन महिने लेकराचं तोंड पाहायला आला नाही, आणि आला तेव्हा मळ्यात झोपडी बांधूनच राहिला. चंदनला त्याने कधी खांद्यावर घेतलं नाही. ती जीव तोडून सांगत राहिली की पोर कच्चं जन्मलं, आधी आलं. सांगता सांगता तिने स्वतःही तेच धरलं, कारण दुसरा काही अर्थच लागत नव्हता. आपण खरं वागलो आहोत आणि गाठीही खऱ्या आहेत, मग पोरच कच्चं असणार. सुनेच्या वेळी मात्र तो आडोसाही नव्हता. इथे तर मशीनच दोन हप्ते जास्त सांगत होतं.

"पयल्याच दिवशी त्यानं आपले गाल वरबाडले होते," ती म्हणाली. "पार्बताबाई दाईनं त्याच्या मुठीले चिंध्या बांधल्या. एवढी नखं होती. मी म्हनत रायली, माहं पोरगं कच्चं हाय. सव्वीस वर्सं म्हनत रायली."

ती रडली नाही. मी रडले. नऊ महिने नऊ दिवस भरतात तेही पाळीपासून; तिच्या सासूने ते पोळ्याऐवजी संक्रांतीपासून मोजले होते, एवढाच फरक. तीच चूक तिच्या गळ्यात पडली होती, आणि तीच तिने उचलून सुनेच्या गळ्यात घालायला घेतली होती. आज कोणाचं वाईट वाटावं हे मला कळेना. मी तिला बुधवारी मळ्यात जे बोलले होते त्याची माफी मागितली. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. उठताना तिने एकच विचारलं, पार्बताबाईला जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, माझ्या येण्याआधीच गेली. मग साक्षीला आपणच उरलो, असं म्हणून ती गेली.

रविवारी तिने मला बोलावणं धाडलं. अंजनगावची माणसं आली होती, अंगणात बायका जमल्या होत्या, आणि काय होतं ते पाहायला जमल्या होत्या हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. माणिकबाईने साधनाला पाटावर बसवलं. ओटी भरण्याआधी तिने डब्यातली सुतळी काढली आणि पहिल्या गाठीच्या अलीकडे, रिकाम्या टोकाला, दोन गाठी मारल्या. मग पहिली ओटी सिस्टर भरतील, असं म्हणाली. मी नारळ, तांदूळ, हळकुंड साधनाच्या पदरात घातलं. माझ्यानंतर माणिकबाईने भरली, आणि सून माहेरी जाणार नाही, बाळंतपण इथेच होईल, अंजनगावच्या डॉक्टरांचा काय भरवसा, असंही सुनावून टाकलं. ओटी भरली हेच व्याह्यांना पुष्कळ होतं.

केशवराव फाटकापाशी पाव्हण्यांना पाणी देत होता. माणिकबाई सगळ्या बायकांदेखत त्याच्याकडे गेली. तिच्या हातात सुतळीचा दुसरा तुकडा होता, नवा, एकही गाठ नसलेला.

"संक्रांतीच्या आधी दोन गाठी रायल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या आईच्या अन् तुमच्या. चंदन भरल्या दिवसाचा होता. आता तुमी बांधा."

त्याला काय कळलं आणि किती कळलं, माहीत नाही. मी पुढे होऊन समजावून सांगावं म्हणून पाऊल उचललं, पण माणिकबाईने हातानेच मला थांबवलं. केशवराव ती सुतळी घेऊन झोपडीकडे गेला. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ते पैलं पान मलेही दाखवा. मी दार न लावता दाखवलं. त्यानंतर मी ते पान कधी उलटून टाकलं नाही, समोर कोणीही बसलेलं असो.

सतरा मे दोन हजार सातला, पहाटेपासून कळा देऊन, दुपारी साधना आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोन किलो नऊशे, रडणं खणखणीत. सुतळीला पोळ्यापासून अडतीस गाठी झाल्या होत्या, अलीकडच्या दोन धरून चाळीस. माणिकबाईने नातीला हातात घेतलं ते आधी नखं बघायला. दहाही बोटं तिने एकेक करून उलगडली. मग पिशवीतून आपली तागडी काढली, कारण सरकारी काट्याचा तिला भरवसा नव्हता, आणि माझ्यासमोर पोरीला फडक्यात बांधून तोलली. तीनला जराशी कमी, बरोबर हाय, म्हणाली. तिचा स्वभाव काही जाणार नव्हता, आणि मला तो तेव्हा फार गोड वाटला.

चंदन खंडव्याकडून निघून संध्याकाळी पोचला. अंगावर बोअरच्या मातीची पांढरी पूड, डोळे तांबारलेले. तो साधनाजवळ जाऊन उभा राहिला, मान खाली घालून काहीतरी बोलला, आणि तिने तोंड फिरवून घेतलं. ती त्याला इतक्यात सोडणार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. तो बाहेर येऊन भिंतीला टेकला. तेवढ्यात केशवराव आला. मळा सोडून सहसा कुठे न जाणारा माणूस, धुतलेलं धोतर नेसून आला होता. नातीकडे त्याने एकदा पाहिलं. मग तो चंदनसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. सुतळी असावी. मी नीट पाहिलं नाही. माणिकबाई दारातून नवऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती, दुकानदाराकडे बघावं तशी.

"दिवसभर गाडीत बसून आला," केशवराव म्हणाला. "जेवला काय, बाबू?"

चंदनने मागे वळून पाहिलं, मागे कोणी उभं आहे का म्हणून. मागे कोणी नव्हतं.